पडलेला माणूस कुठे थांबतो?

२० मे १९७३ रोजी इटलीतल्या मोंझा सर्किटवर २५० सीसी मोटरसायकलींची शर्यत सुटली आणि पहिली फेरी पुरी व्हायच्या आत दोन रायडर मेले. कुर्वा ग्रांदे हे तिथलं लांबलचक, भरधाव घेतलं जाणारं उजवं वळण. तिथे रेन्झो पासोलिनी पडला. त्याची गाडी घसरत जाऊन कडेच्या पोलादी गार्डरेलवर आदळली, उसळून पुन्हा ट्रॅकवर आली आणि मागून येणाऱ्या यार्नो सारिनेनला लागली. पासोलिनी चौतीस वर्षांचा, इटलीच्या प्रेक्षकांचा लाडका. सारिनेन फिनलंडचा, सत्तावीस वर्षांचा, आदल्याच वर्षीचा २५० सीसी गटाचा जगज्जेता. मागचे दहा-बारा जण एकमेकांवर आदळत पडले, कडेला रचलेले गवताचे गठ्ठे पेटले. पासोलिनी का पडला याबद्दल आजही दोन मतं आहेत. कुणी आधीच्या ३५० सीसीच्या शर्यतीत सांडलेल्या तेलाला दोष देतं, कुणी म्हणतं त्याचं इंजिनच जाम झालं. गाडी पुन्हा ट्रॅकवर कशी आली, याबद्दल मात्र वाद नाही. कॅरमबोर्डाची कड सोंगटीला जे करते, तेच गार्डरेलने तिला केलं.

ते गार्डरेल कुणाच्या हलगर्जीपणामुळे तिथे आलेलं नव्हतं. ते मागून घेतलेलं होतं. १९६१ साली याच मोंझावर वोल्फगांग फॉन ट्रिप्सची फेरारी बांधावर चढून प्रेक्षकांवर गेली होती; तो स्वतः आणि पंधरा प्रेक्षक त्यात गेले. त्यानंतरच्या दशकात फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर एकत्र आले आणि आयोजकांच्या मागे लागले, की झाडं, खांब, खड्डे आणि माणसं यांच्याआड काहीतरी भक्कम उभं करा. मागणी रास्त होती. त्या काळात मोटारशर्यतीत दरवर्षी ओळखीचे चेहरे कमी होत होते. पोलादी पट्ट्या बसल्या, काही ड्रायव्हर त्यांच्यामुळे वाचलेही. पण मोटरसायकलवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९७३च्याच जुलैत मोंझावर ज्युनियर गटाच्या मोटरसायकल शर्यतीत आणखी तीन रायडर गेले. त्यानंतर मोटरसायकलींची ग्रां प्री तिथे परतली ती १९८१ साली.

मोटारींचं सर्किट मोटरसायकलसाठी सुरक्षित आहे का, हा प्रश्न हौशी रायडर नेहमी विचारतात. डांबर तेच, वळणं तीच, रुंदी भरपूर, समोरून ट्रक येत नाही. मग अडचण काय? चालवताना बहुधा काहीच अडचण नसते. प्रश्न पडल्यावर सुरू होतो.

मोटार ट्रॅकबाहेर गेली तरी ड्रायव्हर मोटारीतच राहतो. त्याच्याभोवती कार्बन फायबरचा कोष किंवा पोलादी पिंजरा असतो, अंगावर पट्टे असतात. आदळण्याचा जोर आधी मोटारीचं नाक खातं, मग भिंतीपुढची टायरांची रास खाते, आणि उरलासुरला ड्रायव्हरपर्यंत पोहोचतो. म्हणून मोटारीच्या दृष्टीने नीट बांधलेली, योग्य कोनात उभी असलेली भिंत ही मदतच असते. फॉर्म्युला ई किंवा इंडीकारच्या काही मोटारशर्यती शहरातल्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभारून होतात त्या याच हिशेबावर. तशा भिंतींमध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींच्या ग्रां प्रीचा सर्वोच्च गट, भरवायचं आज कुणी मनातही आणणार नाही. रायडर पडला की तो आणि त्याची गाडी यांची ताटातूट होते. एकशे सत्तावन्न किलोंचं यंत्र एका दिशेने, चामड्याच्या सूटमधला माणूस दुसऱ्या दिशेने. त्याच्याकडे चुरगळायला नाक नाही. आहे ते हेल्मेट, पाठीवरचं कवच आणि सूटमध्ये फुगणारी एअरबॅग. मोटोजीपीत ती २०१८पासून सक्तीची आहे.

थोडा हिशेब करून पाहू. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. फॉर्म्युला वनची मोटार त्या वेगाला गुरुत्वाच्या तिपटीने ब्रेक मारू शकली तर बेचाळीस-त्रेचाळीस मीटरांत थांबते. पाठीवर घसरणाऱ्या रायडरला ब्रेक नसतो. डांबर आणि चामडं यांच्यातलं घर्षण हाच त्याचा ब्रेक. ते गुरुत्वाच्या ०.६ पट धरलं तर त्याला थांबायला दोनशे मीटरहून जास्त जागा लागते. ब्रेकचा जोर तेवढाच धरला तर वेग दुप्पट झाला की दोघांचंही अंतर चौपट होतं. मोटारींसाठी आखलेल्या सर्किटवर वळणाबाहेरची मोकळी जागा, म्हणजे रन-ऑफ, पहिल्या आकड्याकडे पाहून ठेवलेली असते. रायडरला दुसरा आकडा लागतो. भिंत मागे हलवता येत नसेल तर तिच्यापुढे हवेने भरलेले जाडजूड गादीसारखे पट्टे लावतात, त्यांना एअरफेन्स म्हणतात. तो शेवटचा उपाय आहे. एअरफेन्स दिसला की समजावं, इथे जागा कमी पडली आहे.

जागा किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्या जागेत काय अंथरलंय. पूर्वी सगळीकडे बारीक गोल खड्यांचा जाड थर असे, त्याला ग्रॅव्हल ट्रॅप म्हणतात. मोटारींना त्याचा त्रास होता. ट्रॅकबाहेर आडवी गेलेली मोटार खड्यांत चाक रुतून उलटायची, आणि सरळ गेलेली त्यांच्यावरून उडत जाऊन वेग न गमावता भिंतीवर पोहोचायची. मग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फॉर्म्युला वनच्या सर्किटांनी खडे उचलून डांबर ओतायला सुरुवात केली. डांबरावर चाकं टेकलेली असली की ब्रेक लागतात, स्टिअरिंग चालतं, ड्रायव्हर चूक दुरुस्त करून शर्यतीत परततो. मोटारीसाठी ही सुधारणाच होती.

चाकांवर उभ्या असलेल्या मोटरसायकललाही तिचा फायदा होतो. ब्रेकिंग थोडं चुकलं तर सरळ बाहेर जाऊन वळून येता येतं. आडव्या पडलेल्या रायडरला मात्र ते डांबर थांबवत नाही. ३ जून २०१६ रोजी बार्सिलोनाजवळच्या कातालुन्या सर्किटवर मोटोजीपीच्या खालच्या मोटो-टू गटाच्या सरावात लुइस सालोम बाराव्या वळणावर पडला. बाहेरची जागा डांबराची होती. तो आणि त्याची गाडी एकाच रेषेत घसरत गेले. गाडी एअरफेन्सवर आदळून मागे फिरली, तो तिच्यावर गेला. तो चोवीस वर्षांचा होता. त्या रात्री रायडर आणि अधिकारी बसले आणि शर्यतीचा उरलेला कार्यक्रम वेगळ्या आखणीवर घ्यायचं ठरलं. ती आखणी फॉर्म्युला वन वापरत असे. म्हणजे मोटारींसाठी बांधलेल्या रन-ऑफने केलेली चूक मोटारींसाठीच बांधलेल्या हळू शिकेनने तात्पुरती सावरली. (शिकेन म्हणजे वेग मोडण्यासाठी मुद्दाम घातलेली उलटसुलट वळणं.) पुढे तिथला प्रेक्षकांचा स्टँड मागे सरकवून जागा वाढवली, खडे टाकले, आणि २०१८मध्ये मूळचं वळण परत आलं.

खडे टाकले की झालं, असंही नाही. ते कसे पसरलेत हेही पाहावं लागतं. १९९३ साली इटलीत मिझानोला वेन रेनी पडला तेव्हा ग्रॅव्हल ट्रॅपमध्ये मोटारींचा वेग मोडण्यासाठी नांगरल्यासारखे उंचवटे ओढून ठेवलेले होते. मोटारीचं चाक अशा उंचवट्यांत अडखळतं आणि थांबतं. माणसाचा पाठीचा कणा मोडतो. सलग तीन वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता असलेला, आणि त्या दिवशी चौथ्या किताबासाठी आघाडीवर असलेला रेनी त्यानंतर छातीखाली लुळा झाला. रायडरसाठी खडे सपाट हवेत, मोकळे हवेत, आणि डांबराच्या पातळीला जुळलेले हवेत.

बेल्जियममधल्या स्पा-फ्रांकोर्शाँने हा धडा उलट्या दिशेने गिरवला. १९९०नंतर तिथे मोटरसायकलींची ग्रां प्री झालेली नाही. २०२२ साली जागतिक एन्ड्युरन्स मालिकेतली चोवीस तासांची मोटरसायकल शर्यत परत आणायची म्हणून सर्किटने मोठा खर्च करून अनेक वळणांवरचं डांबर काढलं आणि पुन्हा खडे भरले. गंमत म्हणजे फॉर्म्युला वनचे जुने चाहते यावर खूश झाले. डांबरी रन-ऑफ आल्यापासून ड्रायव्हर सर्रास ट्रॅकबाहेर जाऊन वेळ वाचवतात, ही त्यांची जुनी तक्रार होती. खड्यांत गेलं की वेळ वाचत नाही.

जागेनंतर येते आखणी, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात रोचक वाटतो, कारण इथे कुणाचाही निष्काळजीपणा नसताना धोका तयार होतो. ऑस्ट्रियातलं रेड बुल रिंग घ्या. तिथे दुसरं वळण म्हणजे सरळ रस्त्यावरचा एक हलका बाक. मोटारी तो पूर्ण वेगात पार करतात. पुढे तिसरं वळण जवळजवळ माघारी फिरवणारं आहे. मोटारींच्या नजरेतून या दोन वळणांत काही भानगड नाही. १६ ऑगस्ट २०२० रोजी झोहान झार्को आणि फ्रँको मॉर्बिडेली त्या बाकाजवळ एकमेकांना लागले, ताशी तीनशेच्या आसपास. दोघं पडले आणि त्यांच्या गाड्या सरळ पुढे निघाल्या. सरळ पुढे ट्रॅक नव्हता, पण वळून आलेला ट्रॅक होता. त्यावर त्या क्षणी व्हॅलेंटिनो रॉसी आणि माव्हेरिक विन्यालेस होते. उडत आलेल्या गाड्या त्यांच्या इतक्या जवळून गेल्या की तो व्हिडिओ आजही एकदा पाहून समाधान होत नाही. रॉसी वाचला कसा हे कळायला दोनतीनदा पाहावा लागतो. २०२२मध्ये त्या बाकाच्या जागी मोटरसायकलींसाठी शिकेन घातलं गेलं.

मोटारी जिथे चुकतात त्याच ठिकाणी मोटरसायकली पडत नाहीत, हे आखणी करणाऱ्याने मुळात ध्यानात घ्यायला हवं. कातालुन्यावर २०२३ साली फॉर्म्युला वनची सर्वांत वेगवान पात्रता फेरी एक मिनिट बारा सेकंदांची होती, मोटोजीपीची एक मिनिट अडतीस. सरळ रस्त्यावर मोटोजीपीची गाडी ताशी साडेतीनशेच्या पुढे जाते, तिथे ती मोटारीला हार जात नाही. सव्वीस सेकंद जातात ते सगळे ब्रेकमध्ये आणि वळणात. रायडर ब्रेक आधी लावतो, साठ अंशांहून जास्त कलून वळतो, आणि वळण संपताना गाडी उभी करत ॲक्सिलरेटर उघडतो. पुढचं चाक सुटलं तर तो वळणाच्या सुरुवातीला बाहेर घसरत जातो, याला लो-साइड म्हणतात. मागचं चाक सुटून एकदम पकड आली तर वळणाच्या शेवटी हवेत फेकला जातो, तो हाय-साइड. दोन्ही ठिकाणं आणि दोन्ही दिशा मोटारीच्या अपघाताशी जुळतीलच असं नाही. म्हणून मोटारींच्या नकाशावर सुरक्षित रंगवलेल्या कोपऱ्यात रायडरसाठी भिंत अचूक चुकीच्या जागी असू शकते.

इंडियानापोलिसने यावर साधा तोडगा काढला: दिशाच उलटी केली. तिथे २००० ते २००७ या काळात फॉर्म्युला वनच्या मोटारी घड्याळाच्या काट्याप्रमाणे धावत आणि शेवटी ओव्हलचं, म्हणजे अंडाकृती ट्रॅकचं, कलतं वळण भिंतीला लागून घेत. २००८ला मोटोजीपी आलं तेव्हा ते भिंतीलगतचं वळण टाळण्यासाठी आत नवा तुकडा बांधला आणि शर्यत उलट दिशेने घेतली. जाता जाता सांगायला हवं, की मोटारशर्यतींची पंढरी मानल्या जाणाऱ्या या सर्किटवर इंजिनाची पहिली शर्यत मोटरसायकलींची झाली होती, १४ ऑगस्ट १९०९ रोजी. खडी आणि डांबराच्या त्या कच्च्या पृष्ठभागाला रायडर इतके वैतागले की दुसऱ्या दिवशीच्या शर्यती रद्द झाल्या. मोटारींच्या शर्यतीत त्या महिन्यात माणसं मेली, तेव्हा कुठे विटा बसवल्या गेल्या.

पृष्ठभागाची ती तक्रार अजून संपलेली नाही. फॉर्म्युला वनची मोटार हवेच्या दाबाने स्वतःला जमिनीवर दाबून धरते आणि ब्रेक मारायच्या जागी डांबर हळूहळू लाटांसारखं उचलतं. मोटारीला त्या लाटा खडखडाट करतात. कललेल्या मोटरसायकलचं पुढचं चाक त्यांच्यावर पकड सोडतं. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या सर्किटवर रायडरांनी यासाठी जाहीर तक्रारी केल्या. पाण्याचा निचरा हा दुसरा घटक. सिल्व्हरस्टोनवर २०१८च्या हंगामाआधी नवं डांबर घातलं गेलं. जुलैत फॉर्म्युला वन कोरड्या ट्रॅकवर सुरळीत पार पडली. ऑगस्टमध्ये मोटोजीपीच्या वेळी पाऊस आला, पाणी वाहून जाईना. टिटो राबात साचलेल्या पाण्यावरून घसरून खड्यांत थांबला, तोवर त्याच जागी घसरलेल्या मॉर्बिडेलीची गाडी येऊन त्याला लागली. मांडीचं हाड मोडलं. रविवारची शर्यत रद्द झाली. पुढच्या वर्षी डांबर पुन्हा घातलं गेलं.

इतक्या सगळ्या बाबी वेगळ्या असल्यामुळे परवानेही वेगळे आहेत. मोटारींच्या सर्किटला एफआयए ही मोटारशर्यतींची जागतिक संघटना श्रेणी देते, मोटरसायकलींच्या सर्किटला त्यांची एफआयएम. फॉर्म्युला वनला एफआयएची पहिली श्रेणी लागते, मोटोजीपीला एफआयएमची ए श्रेणी, आणि एक असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. जपानमधलं सुझुका सर्किट होंडाने १९६२ साली उभारलं. मोटरसायकलींच्या कंपनीचं सर्किट. २००३मध्ये तिथे दाइजिरो कातो शिकेनजवळच्या भिंतीवर आदळला आणि दोन आठवड्यांनी गेला. त्यानंतर मोटरसायकलींची ग्रां प्री तिथे परतली नाही, ती मोतेगीला गेली. फॉर्म्युला वन सुझुकावर आजही होते आणि ड्रायव्हरांना ते फार आवडतं. तिथली मोटरसायकलींची आठ तासांची शर्यतही चालू आहे, हे मात्र विसरू नये. परवाना म्हणजे धोक्याचा शून्य आकडा नव्हे. कोणत्या शर्यतीसाठी किती धोका चालेल, याचा तो ठराव असतो. आणि काही धोके सर्किटच्या हातातच नसतात. मलेशियाचं सेपांग दोन्हींसाठी विचारपूर्वक आखलेलं, ऐसपैस सर्किट. २०११मध्ये मार्को सिमोन्चेली तिथे पडला, बाहेर न जाता ट्रॅकच्या आतल्या बाजूला घसरत आला आणि मागच्या दोघांच्या वाटेत सापडला. तिथे कुठलेही खडे उपयोगाचे नव्हते.

आता आपल्याकडचं. पुण्या-मुंबईचे रायडर गाड्या टेम्पोत घालून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला ट्रॅक-डेसाठी, म्हणजे सर्किटवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवसासाठी, जातात. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात गुडघा टेकवण्यापेक्षा हे शंभर पटींनी शहाणपणाचं आहे. घाटातलं गार्डरेल एसटी दरीत जाऊ नये म्हणून असतं. पडलेला रायडर त्याच्या खालून सरकतो आणि खांबावर थांबतो. पण ट्रॅकवर गेलात तर आदल्या संध्याकाळी तो पायी फिरून बघा. मोटारीसाठी रचलेल्या टायरांच्या राशींपुढे काही मऊ लावलंय का? कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेची लाल-पांढरी पट्टी, सपाट आहे की मोटारी आत घुसू नयेत म्हणून तिच्यामागे पिवळा फुगीर उंचवटा बसवलाय? मोटारीला तो ठोकर देतो, कललेल्या मोटरसायकलला उडवतो. त्या दिवशी मोटारींचंही सत्र असेल तर कुलंट सांडलाय का ते विचारा. मोटरसायकल शर्यतींच्या नियमांत रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालायची सक्ती सहसा असते, कारण ग्लायकॉल सांडलं की ते चिकट राहतं आणि लवकर वाळत नाही. मोटारींना बऱ्याच ठिकाणी ती सक्ती नसते. आणि मोटारी व मोटरसायकली एकाच वेळी ट्रॅकवर सोडणारा आयोजक भेटला, तर पैसे बुडाले असं समजून घरी या.

बुद्ध सर्किट २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनचं यजमान होतं. लांबी ५.१२५ किलोमीटर, आखणी हेरमान टिल्केची. मोटोजीपी आणायचं ठरल्यावर ते तसंच्या तसं चाललं नाही. ग्रॅव्हल वाढवावी लागली, अडथळे मागे न्यावे लागले, आखणी बदलून ट्रॅक ४.९६ किलोमीटरचा झाला. एफआयएमचा शिक्का शर्यतीच्याच आठवड्यात पडला. काही भिंती अजून जवळ आहेत, असं रायडरांनी तेव्हाही बोलून दाखवलं. २४ सप्टेंबर २०२३ला शर्यत झाली, उकाड्यामुळे चोवीसऐवजी एकवीस फेऱ्यांची. मार्को बेझेकी जिंकला.

बरोबर दोन आठवड्यांनी, ८ ऑक्टोबरला, कतारमध्ये उलटा प्रयोग झाला. तिथलं लोसैल सर्किट २००४ साली मोटरसायकलींसाठी बांधलेलं. लांब, वाहती वळणं, भरपूर मोकळी जागा. फॉर्म्युला वनसाठी ते नुकतंच नव्याने सजवलं होतं. सरावानंतर टायर तपासताना त्यांच्या बाजू आतून सुटत असल्याचं दिसलं: मोटारी त्या सलग वेगवान वळणांत उंच, कोनदार कर्बवरून पुन्हा पुन्हा जात होत्या. एफआयएने शर्यतीच्या दिवशी फर्मान काढलं, एका टायरसंचावर अठराहून जास्त फेऱ्या नकोत. सत्तावन्न फेऱ्यांच्या शर्यतीत सगळ्यांना किमान तीनदा पिटमध्ये यावं लागलं. नोव्हेंबरमध्ये त्याच ट्रॅकवर मोटोजीपी झालं, आणि त्यांना असं कुठलंही फर्मान लागलं नाही.